जुन्या लष्करी रायफलीची किंमत कशी काढायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो आणि गेली बरीच वर्षं ली-एनफील्ड, म्हणजे जुन्या ब्रिटिश लष्करी रायफली, जमवतो. मंडळात हे कळल्यापासून गणपतीची आरती संपली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी फोन पुढे करतं: "काका, याचे किती येतील?" कुणाला शेजारच्या म्हाताऱ्याने दिलेली असते, कुणाच्या मुलाने गन शोमधून आणलेली असते, कुणाच्या अमेरिकन सासऱ्यांनी मागे ठेवलेली असते. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी. इथले भाव अमेरिकेच्या बाजारातले आहेत. भारतातल्या परिस्थितीवर शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

१. 'सर्प्लस' म्हणजे काय? भंगारात काढलेली का?

भंगार नव्हे. सैन्याने नवं हत्यार स्वीकारलं की कोठारातली जुनी हत्यारं गरजेपेक्षा जास्त होतात. काही देश ती वितळवतात, काही मित्रदेशाला देतात, काही घाऊक व्यापाऱ्याला विकतात. या शेवटच्या वाटेने सामान्य माणसापर्यंत पोचलेली ती सर्प्लस. ब्रिटिश ली-एनफील्ड, जर्मन माउझर के९८के, रशियन मोसिन-नागां, स्विस के३१, जपानी अरिसाका, अमेरिकन एम१ गरँड आणि सोव्हिएत घराण्यातली एसकेएस ही नेहमी दिसणारी मंडळी. सैनिकाने युद्धावरून स्वतः आणलेली रायफल काटेकोरपणे सर्प्लस नसते, पण बाजार तोच असतो आणि अनेकदा भाव चढा असतो (प्रश्न १४).

२. रायफल आत्ताच हाती आली आहे. आधी काय करू?

आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. तोंड सुरक्षित दिशेला धरून बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) उघडा, काडतुसाच्या घरात डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. बोल्ट अडकला असेल तर जोर लावू नका, गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या. "पन्नास वर्षं माळ्यावर पडलीय, भरलेली कशी असेल" असं म्हणणारे भरलेल्या रायफली घेऊन आलेले मी पाहिले आहेत.

त्यानंतर काहीच करू नका. घासू नका, सँडपेपर लावू नका, वॉर्निश मारू नका. दसऱ्याला पूजेत ठेवायची म्हणून लोक लोखंड पांढरंशुभ्र होईपर्यंत घासतात आणि ज्या जुनाट करड्या-निळ्या थराचे पैसे मिळणार असतात तोच पुसून टाकतात. पूजा जरूर करा. हळदकुंकू मात्र खाली कागद ठेवून त्यावर वाहा, ओल्या कुंकवाचा डाग जुन्या अक्रोडाच्या लाकडातून निघत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या नंबर ४ (ली-एनफील्डचं एक मॉडेल) रायफलीचा दस्ता मी गॅरेजमध्ये एका रविवारी प्रेमाने घासला. संध्याकाळी तो नव्या पाटासारखा दिसत होता. लाकडावरचे तपासनिसांचे ठसे त्या भुशाबरोबर केराच्या टोपलीत गेले होते, आणि रायफलीची साधारण तिसरा हिस्सा किंमतही त्यांच्याबरोबर गेली.

३. खरा भाव बघायचा कुठे?

सोन्याचा भाव पेपरात येतो, रायफलीचा येत नाही. सर्वात मोठी चूक म्हणजे मागितलेली किंमत हाच भाव समजणं. मागायला कुणीही काहीही मागतो. गनब्रोकरसारख्या लिलावाच्या संकेतस्थळावर संपलेले लिलाव पाहता येतात. त्यातही ज्यांवर प्रत्यक्ष बोली लागून सौदा झाला तेवढेच धरा. तेच मॉडेल, तोच कारखाना, जवळपास तीच अवस्था असे पाच-सहा सौदे निवडा आणि सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. दोन हट्टी माणसं एकाच रायफलीवर भिडली की एखादा आकडा आभाळाला जातो आणि सरासरी बिघडवतो.

मोठ्या लिलावघरांचे निकाल वाचताना आणखी एक बघा. छापलेल्या रकमेत खरेदीदाराकडून घेतलेली आडत धरली आहे की नाही? ती साधारण १५ ते २५ टक्के असते. विकणाऱ्याकडूनही वेगळी आडत कापली जाते. म्हणजे '१,००० ला गेली' असं ऐकलं तरी घेणाऱ्याने १,२०० मोजलेले असतात आणि देणाऱ्याच्या हाती ८५० पडलेले असतात.

छापील किंमत-पुस्तकं मॉडेलांचे प्रकार समजून घ्यायला उत्तम. भावासाठी ती नेहमी मागे असतात.

४. माझ्याकडची रायफल नेमकी कुठली हे कसं ओळखू?

शिक्के वाचा. ली-एनफील्डच्या जुन्या प्रकारात, म्हणजे १९०७ पासूनच्या नंबर १ मार्क ३ मध्ये, बोल्टच्या मुठीखाली उजव्या बाजूच्या पट्टीवर मुकुट, कारखान्याचं नाव आणि साल असतं. नंबर ४ मध्ये डाव्या बाजूला बघा. अमेरिकेतल्या सॅव्हेज कारखान्याने ब्रिटनसाठी केलेल्या नंबर ४ वर 'यू. एस. प्रॉपर्टी' असा ठसा असतो. तो बघून ती अमेरिकन सैन्याची रायफल समजू नका. मोसिनवर बाण असलेला तारा म्हणजे तुला, बाण असलेला त्रिकोण म्हणजे इझेव्हस्क, हे दोन रशियन कारखाने. जर्मन माउझरवर कारखान्याचं नाव नसून सांकेतिक अक्षरं असतात: 'बीवायएफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातला श्टायर.

मला फोटो पाठवायचा असेल तर अख्ख्या रायफलीचा सोफ्यावरचा एक फोटो पुरत नाही. शिक्क्यांचे, सगळ्या नंबरांचे, तोंडाचे आणि दस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा.

५. शंभर वर्षं जुनी आहे. म्हणजे महाग असणारच ना?

नाही. मोसिन-नागां सर्व प्रकार मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख बनल्या. १९४३ ची साधी मोसिन म्हातारी आहे पण दुर्मीळ नाही. किंमत वयातून येत नाही; तशा किती उरल्या, त्यातल्या किती न बिघडवलेल्या आणि आज किती जणांना हव्या आहेत, यातून येते. फिन्निश सैन्याने मोसिनच्याच सांगाड्यावर (ज्यात बोल्ट आणि नळी बसते तो मुख्य धातूचा भाग) नवी नळी आणि नवा दस्ता घालून केलेली एम३९ सोव्हिएत मोसिनपेक्षा बरीच महाग जाते, कारण ती थोडी बनली आणि नेमबाजीत सरस आहे.

६. पंधरा वर्षांपूर्वी मोसिन शंभर डॉलरच्या आत मिळायची. आता मागतात त्या किमती खऱ्या आहेत का?

खऱ्या आहेत. २०१० च्या सुमारास ८०-९० डॉलरला, पेटीतून काढलेली, कॉस्मोलिन या चिकट ग्रीसमध्ये बुडालेली ९१/३० (मोसिनचा नेहमीचा प्रकार) मी स्वतः घेतली आहे. आज तशीच साधी रायफल ३०० ते ५०० डॉलरच्या घरात जाते. रायफल तीच आहे, पुरवठा आटला.

थोडा इतिहास माहीत असला तर भाव का हलतात ते कळतं. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने लष्करी सर्प्लसची आयात जवळजवळ बंद केली. १९८४ मध्ये कायदा बदलला आणि जुन्या, संग्राह्य वर्गातल्या रायफलींना दार उघडलं. मग सोव्हिएत संघ कोसळला आणि पूर्व युरोपातली कोठारं अमेरिकेत रिती झाली. तो पूर आता ओसरला आहे. त्यात २०२१ मध्ये रशियन दारूगोळ्याच्या आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे स्वस्त काडतुसांचं आकर्षणही गेलं.

एक सावधगिरी: कुठेतरी विसरलेलं कोठार सापडलं आणि काही हजार रायफली एकदम आल्या की त्या एका मॉडेलचा भाव वर्षभर बसतो. त्यामुळे 'गुंतवणूक' म्हणून घेणाऱ्यांना मी सोनं घ्यायला सांगतो.

७. 'नंबर जुळतात' याला एवढं महत्त्व का?

कारखान्यात मुख्य सांगाड्यावरचा नंबर बोल्टवर, अनेकदा मॅगझीन, दस्ता आणि लाकूड-नळी बांधणाऱ्या पट्ट्यांवरही घालत. सगळे जुळले तर ती रायफल जशी बाहेर पडली तशीच आहे असं मानायला जागा असते. न जुळणारा बोल्ट म्हणजे ती कधीतरी उघडली, मोडली, जोडली गेली. जर्मन के९८के मध्ये हा फरक सर्वात तीव्र: सर्व नंबर जुळणारी आणि न जुळणारी यांच्या भावात दुपटीपेक्षा जास्त अंतर पडू शकतं. के३१ मध्ये मात्र नंबर जुळतातच, स्विस लोकांनी ती शिस्त पाळली. तिथे न जुळणं हा अवगुण आहे, जुळणं हा विशेष नाही.

मेख अशी की नंबर 'जुळवताही' येतात. सोव्हिएत शस्त्रागारांनी डागडुजी करताना जुना नंबर खरवडून किंवा छेदून नवा घातला. अक्षरांचं वळण वेगळं दिसतं, कधी विजेच्या पेन्सिलने कोरलेलं असतं. ही फसवणूक नव्हे, सरकारी दुरुस्ती आहे. पण संग्राहक तिला मूळची जुळणी मानत नाही.

गरँडच्या बाबतीत हा सगळा हिशेब लागू होत नाही. प्रश्न १२ पाहा.

८. नळी आतून काळी दिसते. किती नुकसान?

आधी कोरड्या चिंधीने पुसून उजेडात बघा, निम्म्या 'काळ्या' नळ्या नुसत्या मळलेल्या असतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतली रसायनं पेटल्यावर मिठासारखा क्षार मागे ठेवत. तो हवेतला ओलावा ओढतो आणि आतून खड्डे पडतात. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार आणि नळी थोडी काळपट असेल तर फार बिघडत नाही. आटेच झिजून सपाट झाले असतील तर गोळी झाडणारा गिऱ्हाईक निघून जातो आणि फक्त भिंतीवर लावणारा उरतो.

रशियन रायफलीत तोंडाशी आतून मोठं भोक दिसलं तर घाबरू नका. झिजलेलं टोक शस्त्रागारात कोरून काढत. नेम ठीक लागतो, किंमत थोडी उतरते.

९. नळीवर बारीक अक्षरात अमेरिकन कंपनीचं आणि गावाचं नाव आहे. नकली आहे का?

नकली नाही, तो आयातदाराचा कायदेशीर ठसा. असा ठसा नसणं म्हणजे रायफल बहुधा १९६८ पूर्वी आली किंवा सैनिकाने आणली, म्हणून ठसा नसलेलीला थोडा जास्त भाव. ठसा तोंडाजवळ बारीक असेल तर फरक कमी, सांगाड्यावर ठळक कोरला असेल तर जास्त. कुणी ठसा घासून काढून विकत असेल तर तिथून निघा.

१०. 'इशापूर' लिहिलेली रायफल आहे, कुणी म्हणतं बदललेली थ्री-नॉट-थ्री. भारतीय म्हणून किंमत कमी का?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्याने ब्रिटिश काळात हजारो ली-एनफील्ड केल्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या रायफलींवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरं, नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच २ए आणि मग २ए१ निघाली, ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसासाठी. दिसायला हुबेहूब पहिल्या महायुद्धातली रायफल, पण मॅगझीन चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. २ए ची मागची साइट (नेमाचं अंतर लावायची खूण) २,००० च्या आकड्यापर्यंत आखलेली, २ए१ ची ८०० पर्यंत. दोघींत झटकन फरक करायचा तो तिथून.

अमेरिकेत हट्टाने सांगितलं जातं की ही जुनी ३०३ कातून बसवलेली, म्हणून कमकुवत. चूक आहे. ती नव्याने, अधिक चांगल्या पोलादात घडवली. या गैरसमजामुळे वर्षानुवर्षं ती स्वस्त विकली गेली आणि पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं भारतात सामान्य माणसाला ती बघायलाही मिळत नाही. आता अमेरिकेत भाव सावरला आहे, चांगल्या अवस्थेतली २ए१ साध्या ब्रिटिश रायफलीच्या बरोबरीने जाते.

दस्त्याच्या पुढच्या भागात आडवा स्क्रू दिसला तर कुणीतरी दुरुस्ती केली असं समजू नका. तो इशापूरचा नेहमीचा मजबुतीचा स्क्रू आहे. त्याबद्दल भाव पाडून मागणाऱ्याला हे सांगा.

दोन अपवाद. पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी जुन्या ३०३ ची नळी आटे काढून गुळगुळीत केली आणि तिला ४१० बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) मस्केट म्हटलं. तिचं काडतूस बाजारातल्या ४१० शॉटगनच्या काडतुसासारखं नाही. हे न कळता घेणारे पस्तावतात, म्हणून किंमत खाली राहते. दुसरं, २ए१ कापून आयातदारांनी बनवलेल्या आखूड 'जंगल कार्बाइन'. असं लष्करी मॉडेल कधी नव्हतंच. खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर ५, १९४४ ते १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये ३०३ मध्येच बनलेली, आणि तिच्या नळीच्या बुंध्यावर व सांगाड्यावर वजन कमी करायला धातू कोरून काढलेला असतो. ते कोरीव नसेल तर नंबर ५ चा भाव देऊ नका.

११. दस्ता कापलेला आहे. परत लांब लाकूड घातलं तर किंमत येईल का?

कुणी आणि कुठे कापला ते बघा. १९५०-६० च्या दशकात स्वस्तातल्या लष्करी रायफली घेऊन शिकारीसाठी पुढचं लाकूड छाटायची पद्धत होती. नळी अखंड असेल आणि सांगाड्यात नवी भोकं पाडली नसतील तर परत उभी करता येते. मात्र आधी सुटे भाग मोजा: लाकूड, पट्ट्या, टोपी, स्क्रू मिळून अनेकदा अखंड रायफलीइतकाच खर्च होतो. नळीच कापली असेल किंवा दुर्बिणीसाठी भोकं असतील तर विषय संपला. शिकारीची रायफल म्हणून विका.

याला एक सुंदर अपवाद आहे. मधल्या पट्टीच्या खाली, वरून दिसणार नाही असा लाकडाचा एकच सरळ छेद असेल तर तो अमेरिकन सैनिकाने केलेला असतो, रायफल खांद्यावरच्या कापडी पिशवीत मावावी म्हणून. ती त्याने स्वतः आणली याची ही जवळजवळ सहीच. किंमत थोडी उतरते, पण बाकी नंबर जुळत असतील तर रायफल आदराने विकली जाते.

१२. माझ्या गरँडचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांचे आहेत. फसलो का?

नाही. एम१ गरँड सुमारे ५४ लाख बनल्या: स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर, नंतर कोरियाच्या काळात इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन. सैन्याने त्या पुन्हा पुन्हा खोलल्या आणि हाती येईल तो भाग लावून जोडल्या. अठरा धान्यांचं कडबोळं हेच गरँडचं नैसर्गिक रूप. उलट सगळे भाग एकाच कारखान्याचे, एकाच काळाचे दिसले तर मला संशय येतो, कारण असे भाग जमवून 'बरोबर' केलेल्या रायफली खूप आहेत. अशी जुळवलेली आणि मूळचीच तशी राहिलेली यांत हजारो डॉलरांचा फरक असू शकतो, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

साध्या गरँडच्या भावाचा पाया सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, ठरवतो. तिथे रॅक, फील्ड, सर्व्हिस अशा प्रतवारीने सैन्याकडून आलेल्या रायफली विकल्या जातात. त्याच प्रतीसाठी तिथल्यापेक्षा खूप जास्त कुणी मागत असेल तर कारण विचारा. मात्र सीएमपीकडून घ्यायला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही.

१३. जर्मन रायफलीवर गरुड आहे. म्हणजे हजारोंची?

गरुड हा तपासनिसाचा ठसा, त्या काळच्या प्रत्येक जर्मन रायफलीवर तो असे. बाजारातल्या बऱ्याच के९८के सोव्हिएत सैन्याने जिंकून नेलेल्या आहेत. त्यांनी सगळ्या उकलल्या, भाग मिसळले, पुन्हा जोडल्या, लाकडाला लाखेचा तांबूस थर दिला, बोल्टवर विजेच्या पेन्सिलने नवा नंबर कोरला आणि सांगाड्यावर 'एक्स' सारखी खूण ठोकली. प्रामाणिक रायफल आहे, भाव बेताचा. काही चलाख लोक ती लाख उतरवून, नंबर बदलून 'सैनिकाने आणलेली' म्हणून विकतात. लाकडाच्या सांध्यांत तांबूस थर उरला आहे का ते डोळ्यात तेल घालून बघा.

१४. सासरे सांगायचे, ही त्यांनी युद्धावरून आणली. गोष्टीचे पैसे मिळतात का?

गोष्टीचे नाही, कागदाचे मिळतात. लूट घरी न्यायची परवानगी देणारा लष्करी कागद, त्यावर रायफलीचा नंबर आणि अधिकाऱ्याची सही असेल तर किंमत ठळकपणे चढते. सेवापुस्तक आणि रायफलीबरोबरचा जुना फोटोही मदत करतात. हे कागद विकताना वेगळे करू नका.

स्विस के३१ च्या दस्त्यामागची पोलादी पट्टी उघडली तर आत कधीकधी सैनिकाचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी निघते. तिने थोडेच डॉलर वाढतात, पण ती परत जागच्या जागी ठेवा.

१५. जपानी रायफलीवरचं फूल खरवडलेलं आहे.

ते सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर हवाली करताना बहुतेकांवरचं घासून टाकलं. शाबूत असेल तर भाव बराच जास्त. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या ओबडधोबड रायफलींना स्वतंत्र हौशी मंडळी आहेत, दिसण्यावरून टाकून देऊ नका. पण काही अरिसाका फक्त कवायतीसाठी ओतीव धातूत केलेल्या होत्या. त्या खरं काडतूस सोसत नाहीत.

१६. न झाडता येणारी रायफल महाग कशी असू शकते?

१९०३ ची स्प्रिंगफील्ड घ्या. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या नंबरांचे सांगाडे तापवताना उष्णता डोळ्याच्या अंदाजाने ठरवली जायची. काही जास्त तापले आणि ठिसूळ झाले, काही फुटले. त्या झाडू नयेत असं सर्वमान्य मत आहे. तरीही पहिल्या महायुद्धापूर्वीची, मूळ अवस्थेतली अशी रायफल संग्राहक आनंदाने घेतो. विकताना धोका स्पष्ट लिहा. लपवलात तर जोखीम तुमच्या गळ्यात.

१७. अफगाणिस्तानातून आणलेली १९०९ ची व्हिक्टोरिया राणीच्या शिक्क्याची मार्टिनी (एका वेळी एकच गोळी भरायची जुनी ब्रिटिश रायफल) आहे. ऐतिहासिक ना?

ऐतिहासिक आहे, पण तुम्हाला वाटतं तशी नाही. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तिची आद्याक्षरं आणि १९०९ साल एकाच पट्टीवर म्हणजे खैबर खिंडीच्या परिसरातलं काम. तिथल्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने नकला घडवल्या. इंग्रजी न येणाऱ्या कारागिराने शिक्का कोरल्यामुळे एन उलटा, एनफील्डचं स्पेलिंग चुकलेलं असं दिसतं. भिंतीवरची वस्तू म्हणून काहीशे डॉलर येतात. झाडू कधीच नका, पोलाद कुठल्या रेल्वेरुळाचं आहे देव जाणे.

१८. १८९८ हे साल सारखं ऐकतो. काय आहे ते?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक 'अँटिक' धरली जाते आणि परवानाधारक विक्रेत्यामार्फत हस्तांतराची सक्ती तिला लागत नाही, म्हणून ती थोडी महाग. इथे सांगाडा कधी बनला ते मोजतात, रायफल कधी जोडली ते नाही. त्यामुळे १९४० च्या दशकात जोडलेली फिन्निश एम३९, जुन्या रशियन सांगाड्यावर असेल तर, कायद्याने अँटिक ठरू शकते. साल सांगाड्याच्या शेपटीखाली असतं, लाकूड काढल्याशिवाय दिसत नाही.

पन्नास वर्षांवरच्या रायफलींसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात.

१९. मी एच-१बी वर आहे. नव्या घराच्या तळघरात रायफल सापडली. विकू शकतो का?

भावाचा विचार नंतर. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना यासारखे मोजके अपवाद आहेत. हात न लावता वकिलाला फोन करा आणि तो सांगेल तसं वागा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

२०. डीलर निम्मेच देतो म्हणतो. लुटतोय का?

बहुधा नाही. त्याला दुकान चालवायचं आहे, रायफल सहा महिने पडून राहू शकते. झटपट रोख हवी तर डीलर, थांबायची तयारी असेल तर त्याच्याकडे विक्रीला ठेवा, दुर्मीळ असेल तर लिलाव. विम्यासाठी मात्र पुन्हा तशीच घ्यायला किती लागतील तो आकडा लावा, विकून मिळेल तो नव्हे.

२१. साताऱ्यात वडिलांची रायफल आहे. अमेरिकेतल्या भावाने तिची किंमत धरू का?

अजिबात नाही. भारतात ३०३ सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर. म्हणूनच इशापूरची नागरी रायफल ३१५ बोअरची, लष्करी काडतूस न बसणारी. वडिलांकडे बहुधा तीच असेल. १९८० च्या दशकापासून सामान्यांसाठी आयात बंद असल्याने जुन्या विलायती रायफलींना तिथे असा भाव येतो की अमेरिकन माणूस चक्रावतो. आणि विकत घेणारा परवानाधारकच लागतो.

परवानाधारक वारले असतील तर भावाची चौकशी करण्याआधी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसा हक्काने परवान्याचा अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, तेही लक्षात घ्या.

२२. रायफलीबरोबर 'के एफ' शिक्क्याची जुनी काडतुसं मिळाली. त्यांचे काही येतील?

'के एफ' म्हणजे पुण्याजवळची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. इथल्या रेंजवर ३०३ वाल्यांमध्ये खडकीचं नाव निघालं की हसू पिकतं, कारण काही जुन्या साठ्यांतलं काडतूस चाप ओढल्यावर क्षणभर विचार करून मग उडतं. पुण्याच्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे सुटी काडतुसं रायफलीच्या किमतीत धरू नका आणि झाडूही नका. न फोडलेली, कागदी लेबल शाबूत असलेली पेटी मात्र संग्राहक घेतात. तशी असेल तर मला लेबलाचा फोटो पाठवा, मी लेबलं जमवतो.